राहीबाईच्या नावावरचा वेग

केरबा सिसाळनं हवालदाराला सांगितलं, जीप मीच चालवत होतो. झालं. पुढचा सगळा घोळ या एका वाक्यातून निघाला. केरबानं उभ्या जन्मात बैलांखेरीज काही हाकलं नव्हतं. जीप चालवत होती त्याची सून राहीबाई, आणि चालवत होती हा शब्दसुद्धा मवाळच म्हणायचा.

पलूसच्या अलीकडं त्यांची वाडी. थोडा ऊस, दोन म्हशी, घरात केरबा, त्याची बायको मनुबाई आणि ही सून. मुलगा कृष्णात लष्करात, तिकडं डोंगरात कुठंतरी ट्रक चालवायचा. त्यानंच एका रजेत मिलिटरीच्या लिलावातली डिस्पोजलची जीप आणली. अमेरिकेची जुनी गाडी, स्टिअरिंग डाव्या अंगाला. वाडीतलं दूध गोळा करून शीतकेंद्रावर पोचवायचं, असा बेत. त्यासाठी ठेवलेला ड्रायव्हर दुपारीच पिऊन यायला लागला तेव्हा त्याला काढला, आणि पुढच्या रजेत कृष्णातनं बायकोलाच ऊस तुटून गेलेल्या मोकळ्या रानात जीप शिकवली. केरबानं आठवडाभर जेवताना तोंड उघडलं नाही. शेवटी मनुबाई म्हणाली की दूध काही चालत जाणार नाही, आणि तुम्हाला एवढी लाज वाटत असेल तर तुम्ही डोळे मिटून बसा. लायसनसाठी कृष्णात तिला सांगलीला घेऊन गेला. परीक्षा घेणारा इन्स्पेक्टर तिच्या शेजारी बसून एक फेरी मारून आला, रुमालानं मान पुसली आणि काही न विचारता सही केली. हे कृष्णातनंच येऊन सांगितलं, म्हणजे थोडं वाढवून असणार.

राहीबाई कोरेगावकडची. अंगानं किरकोळ, बोलणं त्याहून किरकोळ. सासऱ्यासमोर तर नाहीच. त्यांच्या घरात सून सासऱ्याशी थेट बोलत नसे. काय सांगायचं ते सासूला सांगायचं, सासू सासऱ्याला सांगणार, मग तो दोघींच्या मधोमध बसलेला का असेना. एकटी सून बाहेर कशी धाडायची म्हणून केरबा रोज जीपमध्ये बसे. शेजारी-शेजारी बसणंही रीतीला धरून नव्हतं, म्हणून दोघांच्या मधे दुधाचा एक कॅन ठेवायचा. कॅन मधे असला की सगळं शिस्तीत. असा दोन वर्षं त्यांचा प्रवास चालला होता. वाटेत काही सांगायचं झालं तर राहीबाई समोरच्या काचेला सांगे. "म्हशी आडव्या आल्यात." काच ऐकायची, केरबाही ऐकायचा.

आणि केरबाला जे कळत होतं ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. तरुणपणी तो शर्यतीचा गाडीवान होता. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, आणि यात्रेला त्याच्या बैलांची नावं चार गावांत घेत. वेग म्हणजे काय, तो अंगात कुठून शिरतो, हे त्याला ठाऊक होतं. म्हणूनच पहिले काही दिवस तो भ्याला तरी पुढं त्याच्या ध्यानात आलं, की ही पोर नुसती चालवत नाही. रस्ता पुढं कसा वळणार ते तिला आधीच कळतं. ती वळण कापत नाही, गाडी वळणाच्या कलानं सोडते. घरात चुलीपुढं मान खाली घालून बसणारी हीच का, असा प्रश्न त्याला रोज पडे आणि रोज तो गप्प बसे. असं कौतुक सुनेचं करतात कुठं?

तर ते साल चौऱ्याहत्तर. संक्रांत होऊन गेली होती. दूध घालून दोघं माघारी येत होती. सकाळचं ऊन, रस्ता नुकताच डांबरी झालेला, समोर ना गाडी ना माणूस. राहीबाईनं पाय दाबला. रिकामे कॅन मागं खडाखडा वाजायला लागले, तिच्या डोक्यावरचा पदर मागं उडाला आणि तिनं तो सावरला नाही. केरबाचा फेटा सुटायला आला. तोही त्यानं सावरला नाही. वाटेतल्या एका गावच्या शाळेपाशी वेग कमी करायची पाटी होती. ती दोघांनाही दिसली नाही, किंवा दिसली आणि मागं पडली.

तिथंच पोलिसांनी सापळा लावला होता. एकजण एका दगडापाशी उभा राहून गाडी आली की रुमाल हलवायचा, दुसरा पुढच्या दगडापाशी हातातलं घड्याळ दाबायचा. किती वेळात गाडी आली त्यावरून वेगाचा हिशेब. शिट्टी वाजली तेव्हा जीप इतकी पुढं गेली होती की थांबेपर्यंत हवालदाराला बरंच पळावं लागलं.

तेवढ्या वेळात काय झालं ते नीट ऐका, कारण चूक तिथंच झाली. पोलीस पाहताच केरबा उठून खाली उतरला. सासरा उभा असताना सुनेनं बसून राहायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. राहीबाईही तत्काळ उतरली, पदर कपाळाखाली ओढला आणि जीपच्या मागं जाऊन उभी राहिली. हवालदार धापा टाकत पोचला तेव्हा त्याला दिसलं काय? जीपच्या उजव्या अंगाला, जिकडं आपल्याकडचे सगळे ड्रायव्हर बसतात तिकडं, फेटेवाला म्हातारा. मागं डोईवर पदर घेतलेली एक बाई. त्यानं विचारलं, कोण चालवत होतं. आता सून पोलिसाशी बोलणार, तेही रस्त्यात, ही कल्पनाच केरबाला सोसली नाही.

"मीच की," तो म्हणाला.

लायसन? घरी राहिलं. नाव? केरबा सिसाळ. हवालदारानं लिहून घेतलं, अंगठा घेतला आणि सांगितलं की समन्स येईल, लायसन घेऊन कोर्टात हजर व्हायचं.  हवालदार दिसेनासा होईपर्यंत राहीबाई मागंच उभी राहिली, मग स्टिअरिंगवर येऊन बसली आणि घरापर्यंत जीप बैलगाडीच्या चालीनं नेली.

समन्स आलं. केरबानं ते सांगलीचे वकील गंगाधरपंत यांना दाखवलं. गंगाधरपंतांनी दोन्ही बाजूंनी वाचलं आणि चष्म्यावरून केरबाकडं पाहिलं. वेगाचा एक गुन्हा होता, आता लायसन नसताना गाडी चालवल्याचा दुसरा. दुसरा पहिल्यापेक्षा वाईट. आत टाकतीलच असं नाही, पण टाकणारच नाहीत असंही नाही. केरबा म्हणाला, टाकू द्यात, थोडे दिवस बसून येतो. पंत म्हणाले, त्यापेक्षा खरं सांगा. तर याची मान हलायला लागली. सून कोर्टाची पायरी चढणार नाही. शिवाय तिचं लायसन गेलं तर जीप उभी राहील, जीप उभी राहिली तर वाडीचं दूध उभं राहील. त्यापेक्षा म्हातारा आत गेलेला परवडला. पंतांनी मग दुसरी वाट सांगितली. कोणीही चालवत असो, कोर्टात साहेबांना सांगायचं, दूध नासत होतं म्हणून घाई केली. उन्हाळा तोंडावर आहे, साहेब समजून घेतील, दंडावर भागेल.

हे सगळं केरबानं घरी येऊन मनुबाईला सांगितलं, म्हणजे राहीबाईला ऐकू जाईल अशा बेतानं. राहीबाई भाकरी थापत होती. तिनं हूं की चूं केलं नाही. गप्प राहिली म्हणजे कबूल झाली, असा समज सगळ्या सासऱ्यांचा असतो, तसा केरबाचाही झाला.

पाडवा दोन-तीन दिवसांवर आला असताना तासगावच्या कोर्टात तारीख पडली. सकाळचं दूध घालून राहीबाईनंच जीप तिकडं नेली. कोर्टाच्या आवारात एका लिंबाखाली उभी केली. केरबाला वाटलं, ती बाहेर थांबेल. तो आत गेला, पुकारा झाला तसा पिंजऱ्यात उभा राहिला. साहेब वाईकडचे होते, तरुण, आवाज हळू. त्यांनी गुन्हा वाचून दाखवला आणि कबूल आहे का विचारलं.

"व्हय साहेब. कबूल हाय."

तेव्हा मागच्या भिंतीकडून आवाज आला. मोठा नव्हता, पण सरळ होता.

"त्यास्नी जीप चालवाया येत न्हाई."

बाकांवरचे लोक हसले. केरबानं वळून पाहिलं तर राहीबाई दाराशी उभी होती. पदर डोक्यावर होता, पण कपाळाखाली ओढलेला नव्हता. शिपाई तिला गप्प करायला निघाला, साहेबांनी त्याला हातानंच थांबवलं आणि तिला पुढं बोलावलं. तुम्ही कोण, असं विचारलं. ती म्हणाली, सून. जीप मी चालवत हुते.

सरकारी वकिलाला हे पटणं शक्यच नव्हतं. म्हाताऱ्याला वाचवायला घरच्या बाईला पुढं करतात, असं तो म्हणाला, आणि त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, उलट बाजूनं का होईना. साहेबांनी हवालदाराला विचारलं, तुम्ही कोणाला गाडी चालवताना पाहिलंत? हवालदार म्हणाला, हे आजोबा उजव्या बाजूला होते. साहेबांनी पुढं विचारलं, स्टिअरिंग कुठल्या बाजूला होतं? हवालदारानं वही चाळली. जीप बाहेर लिंबाखाली उभी होतीच. साहेबांनी त्याला बघून यायला सांगितलं. तो गेला, आला आणि साहेबांकडं न बघता म्हणाला, "डाव्या."

साहेब केरबाकडं वळले. विचारलं, आजोबा, क्लच कोणत्या पायाखाली असतो? केरबानं आपल्या दोन्ही पायांकडं पाहिलं. पायांनी काही सांगितलं नाही.

कारकुनानं नवा कागद घेतला आणि लेखणी बुडवून राहीबाईकडं पाहिलं. संपूर्ण नाव सांगा.

"राहीबाई," ती म्हणाली आणि थांबली.

आता हे थांबणं काय ते त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. सासऱ्याचं तर घेतच नाही, आणि इथं सासरा समोर उभा. अशा वेळी सोबतचा पुरुष नाव सांगतो, कारकून लिहून घेतो, यात कोणाला काही वाटत नाही. कारकुनानं सवयीनं केरबाकडं पाहिलंही. केरबानं तोंड उघडलं. पण राहीबाईनं त्याच्याकडं मान वळवली. लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदा तिनं सासऱ्याच्या डोळ्यात पाहिलं, आणि केरबाचं तोंड मिटलं. त्या दिवशी रस्त्यात त्यानं तिच्या वतीनं उत्तर दिलं होतं आणि त्यातूनच दोघं इथवर आली होती. पुन्हा त्यानंच दिलं असतं तर ती जीपच्या मागं पदर ओढून उभी होती तिथंच राहिली असती. हे असं शब्दांत त्याला नंतर सुचलं. त्या क्षणी त्याला एवढंच कळलं, की आपण बोलायचं नाही.

"राहीबाई कृष्णात सिसाळ," ती म्हणाली. कारकुनानं नवऱ्याच्या बापाचं नाव विचारलं. "केरबा."

कोणी हसलं नाही. आपलं नाव सुनेच्या तोंडून ऐकून केरबाला राग यायला हवा होता. त्यानं राग शोधून पाहिला, आला नाही. शर्यतीत बैल सुटायच्या आधी एक क्षण सगळं मैदान गप्प होतं, तसं काहीतरी झालं.

मग साहेबांनी तेच विचारलं ज्याची गंगाधरपंत बाकावर बसून वाट बघत होते. एवढी घाई कसली होती? दूध नासत होतं का? पंतांनी मान हलवून दाखवली. नुसतं व्हय म्हणायचं होतं. साहेबच दार उघडून उभे होते.

"न्हाई साहेब. दूध घालून माघारी येत हुतो. कॅन रिकामं हुतं."

"मग?"

राहीबाईनं विचार केला. तिनं खरंच विचार केला, हे केरबाला दिसलं. "रस्ता मोकळा हुता," ती म्हणाली. "बरं वाटत हुतं."

पंतांनी चष्मा काढून खिशात घातला. साहेबांनी लेखणी खाली ठेवली. मग त्यांनी हळू आवाजातच विचारलं, शाळेपुढं एखादं पोर आडवं आलं असतं तर? राहीबाई म्हणाली, ते चुकलंच. त्याला माझ्याकडं उत्तर न्हाई. आणि खाली पाहिलं, त्या दिवसात पहिल्यांदाच.

दंड झाला. केरबाला पोलिसाशी खोटं बोलल्याबद्दल चांगलं झापलं आणि वय बघून सोडून दिलं. पण शाळेजवळचा वेग साहेबांनी सोडला नाही. लायसनवर तांबड्या शाईनं शेरा आणि लायसन कोर्टात जमा. बेंदराच्या सुमाराला येऊन घेऊन जायचं. तोवर गाडीला हात लावायचा नाही. सगळा उन्हाळा, म्हणजे दूध सगळ्यात लवकर नासण्याचे महिने. गंगाधरपंत बाहेर येऊन चिडले. म्हणाले, बाई, एका शब्दानं काम झालं असतं. राहीबाईनं त्यांना वाकून नमस्कार केला.

आणि आता लिंबाखाली जीप.

लायसन आत, जीप बाहेर. चालवणार कोण? स्टँडवरून एक टॅक्सीवाला बोलावला. त्यानं डावीकडचं स्टिअरिंग पाहिलं, आत बसून गिअर हलवून पाहिला, गिअरनं जे आवाज काढले ते ऐकले आणि उतरून हात जोडले. पंत म्हणाले, आजच्या दिवस तुम्हीच न्या, साहेब काही मागं बघायला येत नाहीत. राहीबाई जीपपासून चार पावलं मागं सरकली, जणू ती तापलेली होती. शेवटी शिपायाला सांगून जीप तिथंच ठेवली, दोघं एस.टी.नं घरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या नाथाजीला आणि बैलजोडीला घेऊन परत आली.

बैलांनी जीप ओढायची हे ठरलं. जू बांधलं, साखळी पुढच्या बंपरला अडकवली. नाथाजी बैलांपुढं. पण मागं स्टिअरिंग कोणीतरी धरायला हवं, नाहीतर जीप पहिल्याच वळणावर ओढ्यात. नाथाजीनं राहीबाईकडं पाहिलं. तिनं मान हलवली. इंजिन बंद असलं म्हणून काय झालं, चाक हातात घेतलं म्हणजे चालवलंच. नाथाजीनं मग केरबाकडं पाहिलं आणि दात काढले.

"बसा आण्णा. कोर्टात कबूल केलंय तुमी, मीच चालवतो म्हणून."

केरबा बसला. डाव्या अंगाला, जिथं तो दोन वर्षांत कधी बसला नव्हता. राहीबाई जीपच्या कडेनं चालायला लागली, हात दाराच्या कडेवर ठेवून. आता काचेला सांगून भागणार नव्हतं, आणि मनुबाई घरी होती. तासगावची बाजारपेठ ओलांडायची होती. बैल निघाले, जीपनं आचका दिला, आणि पहिला शब्द आला.

"मामंजी, उजवीकडं घ्या. थोडं. एवढं न्हाई."

केरबानं घेतलं. चाक इतकं जड असेल असं त्याला वाटलं नव्हतं. खांद्यातून जोर लावावा लागत होता. आणि ही किडकिडीत पोर भरल्या कॅनांसकट हे असं फिरवायची की जणू परात फिरवतेय. बाजारातले लोक दुकानातून बाहेर आले. बैल ओढताहेत, म्हातारा स्टिअरिंगवर आणि बाजूनं एक बाई त्याला हुकूम देतेय, असा तमाशा फुकटात कोण सोडणार? कोणीतरी म्हणालं, पाटील, पेट्रोल संपलं काय. कोणी विचारलं, वरात कुणाची. नाथाजी सगळ्यांना उत्तरं देत होता, त्याला लय मजा येत होती. राहीबाईचं लक्ष फक्त पुढच्या चाकांवर होतं.

गावाबाहेर उतार लागला. जीप बैलांपेक्षा जोरात यायला लागली, साखळी सैल पडली, बंपर बैलांच्या पायांपाशी गेला. नाथाजीची मजा तिथंच संपली.

"मधला दाबा, ब्रेकचा. हळू. मामंजी, हळू. एकदम न्हाई, दाबून सोडा, दाबून सोडा."

केरबानं दाबला, सोडला, दाबला. जीप आवरली. बैल पुढं गेले. त्याच्या फेट्याखालून घाम गळत होता. बैलगाडीच्या चालीला ही गत, तर त्या दिवशीच्या वेगाला हिच्या पायाखाली काय चाललं असेल. त्यानं तिच्याकडं पाहिलं. ती चपला हातात घेऊन अनवाणी चालत होती, कारण चपलेनं पाय अडखळायचा आणि अडखळली तर सांगायचं राहून जायचं.

"राही," तो म्हणाला. तिला तो कधी नावानं हाक मारत नसे. "मी त्या हवालदाराला खोटं बोललो, ते तुज्यासाठी."

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "पण मग मी कुटं राहिले असते? डावीकडं घ्या."

त्यानं डावीकडं घेतलं.

उन्हाळा वाईट गेला, त्यात गोड काही नाही. दूध नाथाजीच्या बैलगाडीतून जायचं आणि पाऊस येईपर्यंत रोज एखादा कॅन तरी नासून परत यायचा. वाडीतल्या निम्म्या बायकांनी दूध दुसऱ्याला घालायला सुरुवात केली. त्यांचंही चुकलं नाही, त्यांच्या म्हशी काही कोर्टात गेल्या नव्हत्या. पाणवठ्यावर राहीबाईला ऐकवत, की सासऱ्याचं नाव घेतलंस आणि दूधही घालवलंस, एकात दोन कामं केलीस. कृष्णातचं पत्र आलं. बापाला वाटलं मुलगा रागावला असेल. पत्रात पहिलीच ओळ होती, किती वेग होता ते कळवावे.

जीप गोठ्याशेजारी उभी होती. बॅटरी उतरू नये म्हणून राहीबाई रोज सकाळी बाहेर उभी राही आणि केरबा आत बसून इंजिन चालू करी. कुठलं बटण, कुठला खटका, हे ती सांगे, तो करी. इंजिन थोडा वेळ धडधडत राही. ती चाकाला हात लावत नसे. कोणी बघत नव्हतं, पोलीस वाडीत वर्षातून एकदा यायचा, घरामागचं रान मोकळं पडलं होतं. एकदा नाथाजी म्हणालाही, रानात एक फेरी मार की, तिथं कुठला कायदा. ती म्हणाली, साहेबांनी हात लावू नको म्हटलंय, रानात लाव असं कुटं म्हटलंय. नाथाजी बैलांना पाणी दाखवायला निघून गेला.

केरबा ओसरीवर बसून हे बघे. त्यानं आयुष्यात धीट माणसं पाहिली होती. लढाईवरून आलेली, बैलांच्या पायाखाली जाऊन वाचलेली. पण धीट माणूस एकदा धीट होतो आणि मग त्याचा गवगवा होतो. ही रोज सकाळी होत होती आणि मग शेण भरायला जात होती. हे काय आहे, याला काय म्हणायचं, हे त्याला उमगत नव्हतं. देवळात गेल्यावर माणूस आपोआप चपला काढतो, तसं तो हल्ली ती ओसरीवर आली की सरसावून बसे. मनुबाईच्या हे नजरेत आलं. ती म्हणाली, सुनेला भिता की काय आता? तो म्हणाला, भ्याव न्हाई गं. पण ते काय हाय ते सांगता येत न्हाई.

बेंदूर झाला. बैलांना रंगवून, मिरवून झालं, आणि दुसऱ्या दिवशी दोघं तासगावला गेली. कारकुनानं कपाटातून लायसन काढलं. केरबाला वाचता येत नव्हतं, राहीबाईला नुसतं सहीपुरतं. त्यानं कारकुनाला तांबड्या शाईतलं वाचून दाखवायला सांगितलं. कारकुनानं वाचलं, राहीबाई कृष्णात सिसाळ, अतिवेगानं वाहन चालवल्याबद्दल. केरबा म्हणाला, परत वाचा. कारकून वैतागला, हे भूषणावह नव्हे आजोबा, हा डाग आहे, जन्मभर राहतो. केरबा म्हणाला, व्हय, डागच हाय, पण तो तिचा हाय, माजा न्हाई. वाचा. कारकुनानं वाचलं.

परतीची एस.टी. भरलेली होती. राहीबाईला ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर, बायकांच्यात जागा मिळाली. केरबा तिच्या मागं उभा राहिला. लायसन तिनं पिशवीत न ठेवता मुठीतच धरलं होतं. तासगाव मागं पडलं, पाऊस थांबून रस्ता धुतलेला होता. ड्रायव्हर वळणावर आला, आणि केरबाला दिसलं की राहीबाईचा उजवा पाय बाकाखाली हळूच दाबला गेला, सुटला, पुन्हा दाबला गेला. वळण आलं की ड्रायव्हरच्या आधी. पुढं सरळ रस्ता लागला. पाय खाली गेला आणि खालीच राहिला. एस.टी. आपल्या चालीनंच चालली होती. केरबानं तिच्याकडं पाहिलं, मग समोरच्या रस्त्याकडं, आणि मुकाट्यानं दोन्ही हातांनी वरचा दांडा घट्ट धरला.